दुर्बिणीवरची वायर

हेल-बॉप धूमकेतूचे फोटो मी १९९७ साली फिल्मवर काढले, तेव्हा साऱ्या सरंजामात वायर म्हणावी अशी एकच वस्तू होती, शटरची केबल रिलीज. तिच्यातून वीज नव्हे, अंगठ्याचा दाब जायचा. कॅमेऱ्याला हात लागला की फोटो हलतो. हात दूर ठेवणं हेच तिचं काम.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला, पण आपल्याकडे ढग. सप्टेंबरात उघडीप मिळाली तेव्हा नेत्रिकेच्या जागी वेबकॅम बसवला. ही माझी पहिली यूएसबी वायर. तिचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. चित्रं भराभर मागितली की वेबकॅम ती दाबून, तपशील गाळून पाठवायचा, म्हणून मी वेग कमीच ठेवायचो. मंगळाच्या दक्षिण ध्रुवावरची पांढरी टोपी त्या वायरीतून स्क्रीनवर थरथरत उतरली, तो आनंद अजून ताजा आहे.

आता मुख्य कॅमेरा, ताऱ्याचा माग नीट राहतो का हे बघणारा गायडिंगचा कॅमेरा, फोकसर, फिल्टर व्हील, माउंट, प्रत्येकाची वायर वेगळी. दुर्बीण पेलणारं माउंट रात्रभर ताऱ्यामागे फिरतं आणि तारा याम्योत्तर वृत्त ओलांडून गेला की दुर्बीण अख्खी कूस बदलते. तेव्हा लोंबती वायर नटाला अडकली, तर तारे लांबट येतात. गायडिंगची पिन क्षणभर सैल झाली, तर तो फोटो गेलाच.

म्हणून या साऱ्या वायरी एकत्र घेणारा यूएसबी हब खाली टेबलावर नको, दुर्बिणीच्या पाठीवरच हवा, आणि त्याला स्वतःचा १२ व्होल्टचा पुरवठा हवा. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. तेवढ्यात सगळ्यांचं भागवायला गेलं की मध्यरात्री कुणीतरी गळतंच. आखूड वायरी दुर्बिणीबरोबर फिरतात, खाली फक्त दोन येतात, एक डेटाची, एक विजेची. त्या मी ध्रुवाक्षाजवळ वेल्क्रोने बांधतो, वीतभर ढील ठेवतो आणि उजेड असतानाच दुर्बीण हाताने पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत फिरवून बघतो. कुठे ताण येतो ते बोटांना लगेच कळतं.

तेजोमेघांसाठी मला यूएसबी २ पुरतं. २६ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ५० एमबीचा, उतरायला दोनेक सेकंद. शटर तर पाच मिनिटं उघडं असतं. यूएसबी ३ ची वायर लांब झाली की कुरकुरते, शिवाय वायफायला त्रास देते. गुरू-शनीच्या रात्री मात्र सेकंदाला शंभरावर चित्रं घ्यायची असतात. तेव्हा यूएसबी ३ ची आखूड वायर हब टाळून थेट लॅपटॉपला जोडतो.