रंग मारण्याआधी

सोनगीरचे नाव निघाले की लोक तांब्या-पितळेच्या भांड्यांविषयी विचारतात. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना मुंबई-आग्रा महामार्गावर आमचे गाव लागते. भांडे पारखणे तसे सोपे. पाणी भरून ठेवावे. जोड कच्चा असेल तर तो पाझरतो. मी मात्र लोखंडाचा माणूस. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, शेड यांच्या वेल्डिंगमध्ये माझी उमर गेली. लोखंडाचा जोड कच्चा असला तरी गप्प राहतो आणि एक दिवस तुटतो.

या गप्प दोषांपैकी एक म्हणजे जोडात अडकलेला स्लॅग. शाळेच्या पुस्तकात त्याला धातुमळी म्हणतात. वेल्डिंगच्या रॉडवरचा लेप आचेने वितळतो, रसातली घाण ओढून घेतो आणि लोखंडापेक्षा हलका म्हणून वर तरंगतो. थंड होणाऱ्या जोडावर तोच पांघरूण घालतो. म्हणजे स्लॅग काही शत्रू नाही. काम झाल्यावर त्याने निघून जावे, एवढेच. करंट कमी पडला, रॉडचा कोन चुकला, तर रस लवकर गोठतो आणि मळी आतच राहते. कधी पहिल्या थरावरची खपली न काढताच घाईने दुसरा थर चढवला जातो.

माझे उस्ताद फारसे शिकलेले नव्हते. ते म्हणायचे, “बेटा, पहले झाड, फिर चढा.” हातोडीने खपली उडवायची, तारेच्या ब्रशने घासायचे, मग टॉर्च आडवा धरून पाहायचे. जोड मूळ पत्र्याला मिळतो त्या कडेला, दोन थरांमधल्या खोबणीत, जुना रॉड संपून नवा लावला त्या जागी काळी, काचेसारखी रेघ दिसते. गोल भोक बहुधा वायूचे. लांबट, वेडीवाकडी रेघ स्लॅगची. मध्ये फुगलेल्या जोडाच्या कडा जास्तच निरखाव्या लागतात.

अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संहितेत या पाहण्याचेही माप आहे: डोळा ६०० मिलिमीटरच्या आत हवा, नजरेचा कोन ३० अंशांपेक्षा कमी नको, उजेड १००० लक्स हवा. पण एवढे करूनही डोळ्याला फक्त वरचे दिसते. आत गाडली गेलेली मळी एक्स-रेला किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राला सापडते. गावातल्या शेडमध्ये ती यंत्रे कुठून येणार? म्हणून आमच्यासारख्याने प्रत्येक थर चढवण्याआधीच पाहायचे. वरचा थर चढला की खालच्याबद्दल फक्त अंदाज उरतो.

खरी अडचण असते ती घाईची. हंगामात शेतकरी दारात उभा असतो: “मिस्तरी, आज ट्रॉली भेटी ना?” त्याचेही खोटे नसते, कापूस शेतात असतो आणि आभाळ भरलेले. अशा वेळी जोडावर लाल रंगाचा हात फिरवला की सगळे कसे नवे दिसते. रंग गंजापासून वाचवतो, तसाच दोषही झाकतो.

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात नॉर्वेचा ‘अलेक्झांडर किएलान्ड’ हा तरंगता तळ उलटला. त्यावरच्या २१२ माणसांपैकी १२३ गेली. एक उपकरण बसवण्याचा आधार तळाच्या नळीला ६ मिलिमीटरच्या जोडाने जोडला होता. मोडण्याची सुरुवात तिथून झाली. तिथला दोष स्लॅगचा नव्हता, तड्याचा होता. तपासात त्या तड्याच्या आत रंगाचे अंश सापडले. म्हणजे तडा बांधणीच्या वेळीच पडला होता आणि त्याच्यावरून रंगाचा ब्रश फिरला होता.

आमची ट्रॉली त्या तळापुढे काहीच नाही. पण संध्याकाळी भरलेल्या गाठोड्यांवर बसून शेतमजूर बाया घरी येतात, तेव्हा सगळा भार पुढच्या दांड्यावर, ट्रॅक्टरच्या हुकापाशी असतो. त्या जोडाकडे त्यांचे लक्ष जात नाही, जायची गरजही नाही. ते पाहणे मिस्तरीचे काम, आणि त्याची वेळ रंगाचा डबा उघडण्याआधीची. म्हणून हुकापाशी टॉर्च धरून मी पुन्हा खाली वाकतो, तेव्हा शेतकऱ्याला एवढेच सांगतो, “भाऊ, थोडं थांबा. अजून रंग मारायचा नाही.”