परातीभोवती

मेथीची जुडी सोडली की आधी ओल्या मातीचा वास येतो, मेथीचा त्याच्या मागून. मुळांची माती वर्तमानपत्रावर झाडायची, जुडी डाव्या हाताला घ्यायची आणि एकेक काडी उचलून पानं नि कोवळा शेंडा खुडायचा. जून देठ बाजूला, पिवळं पान बाजूला. मध्यम जुडीला मला वीस मिनिटं लागतात. रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी परात घेऊन बसते. मेथी नसली तर शेपू, चाकवत, गवार, पावटा. तेही नसलं तर लसणाचे दोन गड्डे. चार वर्षांपूर्वी याच कामानं मला आजारपणातून उठायला हात दिला, म्हणून त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं.

निवडणं मी शिकले भोरला, आजीच्या हाताखाली. आमच्याकडे पाऊस मोठा आणि भाताची खाचरं घरापासून हाकेच्या अंतरावर. भात गिरणीतून सडून आलं की त्यात कणी असायची, कोंडा, तूस, न सुटलेले दाणे आणि खळ्यावरून सोबत आलेले खडे. आजी आधी पाखडायची. दोन्ही हातांनी सुपाला वर झटका दिला की दाणे उडत. हलकं तूस पुढच्या कडेवरून बाहेर पडे आणि जड दाणा सर्रकन परत सुपात येई. मग घोळणं. सूप जरा तिरकं धरून ती असं काही फिरवायची की कणी एकीकडे आणि तांदूळ एकीकडे होई. एवढं करूनही शेवटचं काम बोटांचंच. पांढरी गारगोटी तांदळाच्याच रंगाची असते. ती डोळ्याला फसवते, बोटाला फसवत नाही.

दुपारची जेवणं, भांडी आटोपली की सोप्यात घोंगडं पडायचं. दोन शेजारणी आपापली सुपं घेऊन यायच्या. आम्हा पोरींना पुढ्यात मूठ-मूठ तांदूळ मिळत आणि सापडलेले खडे वाटीत टाकायचे असत. खडा वाटीत पडला की टण् आवाज येई. बोलणं चालू असायचं, पण नजर सुपात. आज मला वाटतं, खाली मान घालून बोलायला मिळायचं म्हणूनच त्या बायका तिथं एवढं बोलू शकायच्या. नवऱ्याचा मार, सासूचा जाच, पोटातच गेलेलं मूल, हे सगळं तांदळाकडे बघत सांगितलं जाई. ऐकणारीही तांदळाकडेच बघत असे.

माझी एक आत्या त्या वर्षांत माहेरी परत आली होती. तिच्या घरात काय घडलं होतं ते आम्हा मुलींना कुणी सांगितलं नाही. ती बोलत नसे. सकाळी उठवावं लागे, जेवायला बसवावं लागे. गावात कुणी देवाचं म्हणे, कुणी बाहेरचं म्हणे. मनाचा आजार हा शब्द आमच्या घरात नव्हता. आजीनं अंगारे केले असतील, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की रोज दुपारी आजी तिच्यापुढे सूप ठेवायची आणि म्हणायची, “ये गं, बस. तांदूळ पडलेत.” बाकी काही विचारायची नाही. सुरुवातीला आत्या सुपाकडे नुसती बघत राही. मग एका दुपारी तिनं खडे काढायला घेतले. कितीतरी महिने ती खडे काढत होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. एक दिवस वाटीकडे बघून म्हणाली, “आज फार निघाले.” आजीनं मान वर केली नाही. “या खेपेचं भातच वाईट आहे,” एवढंच म्हणाली आणि पाखडत राहिली. पण तिचे हात थरथरत होते, ते मी पाहिलं.

1972च्या दुष्काळात मी पाचवीत होते. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेची ती तांबडी ज्वारी. भाताच्या मुलखातल्या आम्हाला तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. निवडायलाही ती वेळ खायची. पण त्या वर्षी सुपं रिकामी राहिली नाहीत, यालाच आजी मोठं मानायची. हात रिता नको, हे तिचं नेहमीचं बोलणं. लहानपणी मला ते कामाला जुंपण्याचं बोलणं वाटायचं.

लग्न होऊन 1983 साली मी डोंबिवलीला आले. नोकरी फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत. घोंगडं, सोपा, दुपार यातलं इथं काही नव्हतं, पण निवडणं सुटलं नाही. ते गाडीत आलं. संध्याकाळच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात ज्यांनी प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. बसायला मिळालं की पिशवीतून मटार निघायचा, मांडीवर ओढणी नाहीतर कागद पसरला जायचा, आणि भायखळ्यापासून शेंगा फुटायला लागायच्या. समोरची अनोळखी बाई न विचारता मूठभर शेंगा उचलून सोलायला घ्यायची. ठाण्यापर्यंत किलोभर मटार सोलून व्हायचा. मला त्या डब्यात आमचा सोपा दिसायचा. खाली माना, चालणारी बोटं, आणि घरी कुणाशी बोलता येणार नाही असं बोलणं.

26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा नंतर कळला. मी अडीच वाजता कचेरीतून निघाले होते. गाडी शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये थांबली ती थांबलीच. पाणी रुळांवरून वर येत होतं. अंधार पडल्यावर दिवे गेले, फोन लागेनात. एका मुलीचं तान्हं बाळ घरी होतं, ती रडायची थांबेना. तेव्हा एका वयस्क बाईंनी पिशवीतून गवार काढली. अर्धा किलो असेल. त्यांनी तिच्या ओंजळीत शेंगा घातल्या आणि म्हणाल्या, “मोड गं. शिरा काढ.” अंधारात गवार मोडायला डोळे लागत नाहीत. ती मोडायला लागली. मग आम्हीही घेतली. डब्यात बराच वेळ शेंगा मोडल्याचा कट्, कट् आवाज तेवढा येत होता. तिचं रडणं कधी थांबलं ते कळलं नाही. पहाटे आम्ही रुळांवरून चालत निघालो, तेव्हा ती मोडलेली गवार त्या बाईंनी नीट पिशवीत बांधून घेतली होती.

दरम्यान तांदळातले खडे गेले. पोत्यांवर सॉर्टेक्स हा शब्द दिसायला लागला. या यंत्रात दाणे प्रकाशासमोरून घसरत जातात, डागळलेला किंवा वेगळ्या रंगाचा दाणा आला की हवेची बारीक फुंकर त्याला बाहेर उडवते. खडे काढायला आणखी वेगळं यंत्र, ते हलत्या जाळीवर जड-हलकं वेगळं करतं. म्हणजे आजीचंच पाखडणं आणि घोळणं. मला याचं मुळीच दुःख नाही. बायकांच्या आयुष्यातली किती वर्षं त्या सुपांत गेली! माझ्या आईला वाचायची हौस होती आणि तिला दुपार कधी मिळाली नाही. निवडण्याचं काम फक्त बाईचं, ही रीत वाईटच होती. ते खडे परत यावेत असं मी कधी म्हणणार नाही. पण खडे गेले तसं परातीभोवतीचं बसणंही गेलं, आणि त्याच्या जागी घरात काही आलं नाही. पुढे मेथीही निवडून, पिशवीत बंद होऊन मिळायला लागली. तीही मी आणायची. नोकरी, मुलाची शाळा, वेळ कुठं होता?

2021च्या एप्रिलमध्ये हे गेले. कोरोनाची दुसरी लाट, अकरा दिवस अतिदक्षता विभाग. भेट होत नव्हती. शेवटचा फोन झाला त्यात त्यांनी विचारलं, “आज काय भाजी?” आमच्या घरी बाजार तेच करायचे.

त्यानंतर मी थांबले. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. दुःख होतं असंही म्हणता येणार नाही, दुःखाला निदान धार असते. सकाळी जाग यायची आणि उठायचं कशासाठी ते आठवायचं नाही. केस विंचरायचे राहत. डबेवाल्या बाईंचा डबा दारातच निवून जाई. मुलगा पुण्याहून आला, त्यानं माझं नख वाढलेलं बोट हातात घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. झोप परत आली, त्याचं श्रेय गोळ्यांचंच. त्या डॉक्टरांकडेच एक समुपदेशक मुलगी होती. तिनं एक कागद दिला. दिवसात काय केलं ते लिहायचं आणि ते करून किती बरं वाटलं त्याला 0 ते 10 पैकी गुण द्यायचे. मी म्हटलं, “काही करायला मन लागतच नाही गं.” ती म्हणाली, “काकू, मन लागायची वाट बघायची नाही. आधी काम, अगदी छोटं. मन मागून येईल. डोळे मिटूनही जमेल असं काय येतं तुम्हाला?”

मी म्हटलं, निवडणं.

पहिल्या दिवशी सहा काड्या निवडल्या आणि जुडी तशीच फ्रिजमध्ये टाकली. कागदावर लिहिलं, मेथी, 1. दुसऱ्या दिवशीही 1. आठवडाभरानं पूर्ण जुडी झाली, तेव्हा 3 लिहिले. संपलेलं काम डोळ्यांना दिसतं, हा या कामाचा मोठा गुण. इकडे पानांचा ढीग, तिकडे देठांचा. दुःखाचं तसं नसतं, ते कितीही उपसलं तरी उपसलेलं दिसत नाही. आणि बोटं चालू असली की मनाला दूरवर जाता येत नाही. ते जातं, पण अळी दिसली, कुजकं पान आलं की परत येतं. दीड महिन्यानं मेथीपुढे 5 आले, आणि त्याखाली मी आपणहून एक ओळ वाढवली होती: भाजी केली, खाल्ली, 4.

या पद्धतीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात हे मला नंतर कळलं. आपल्या शेजारी, गोव्यात, संगथ या संस्थेनं यावर मोठं काम केलं आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, नैराश्य बरंच वाढलेल्या 495 जणांवर अभ्यास झाला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण देऊन तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाला रोजच्या आयुष्यात छोट्या-छोट्या कामांकडे परत न्यायची. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. लॅन्सेटमध्ये 2017 साली ते छापून आलं. मी ते वाचलं त्या रात्री मला आत्या आठवली. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या त्या बाईनं रोज एका वेळी, एका जागी, जमेल एवढं काम पुढ्यात ठेवलं. उत्तर मागितलं नाही. आणि स्वतः समोर बसली.

हे शेवटचं मला फार उशिरा समजलं. मी एकटीच निवडत होते तोवर गुण 5च्या वर गेले नाहीत. मग शेजारच्या वहिनी एकदा काही मागायला आल्या, परात बघून टेकल्या आणि बोलता बोलता निवडायला लागल्या. त्या दिवशी मी 7 लिहिले. आता त्या आठवड्यातून तीनदा येतात, आपली भाजी घेऊन. त्यांच्या मुलीचं काय चाललंय, माझ्या गुडघ्याचं काय चाललंय. कधी कधी दोघीही गप्प.

गेल्या डिसेंबरात मुलगा चार दिवस राहायला आला. नोकरीतलं काहीतरी बिनसलं होतं. रात्री दोन-दोन वाजता त्याच्या खोलीत दिवा दिसे. विचारलं तर “काही नाही, आई.” मी पावटा आणला, परात त्याच्या पुढ्यात ठेवली आणि पलीकडे बसले. तो जरा हसला. त्याला लहानपणी कुणी हे शिकवलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ती चूक माझी. दोन-चार शेंगा त्यानं वाकड्यातिकड्या सोलल्या. मग हात बसला. अर्धा किलो पावटा संपत आला तेव्हा शेंगांकडेच बघत तो बोलायला लागला. मी मान वर केली नाही.

तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं असेल, तर त्याच्या हातात काहीतरी निवडायला द्या आणि त्याच्यासमोर बसा. एकट्याला देऊन उठून जाऊ नका. तेवढ्यानं भागत नसेल, झोप उडाली असेल, जगण्याचाच कंटाळा तोंडी येत असेल, तर डॉक्टरांकडे न्यायला एक दिवसही लावू नका. रात्री-अपरात्रीसाठी सरकारचा टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.