वार्निशातले सूत

खाप्यातील आमच्या घराचा अर्धा भाग हातमागाने व्यापलेला होता. कन्हानकाठच्या या विणकरांच्या गावात वैशाखाचा दाह वाढू लागला, की वडील मागाच्या खड्ड्याभोवती पाणी शिंपीत. कारण कोरड्या हवेत कापसाचे सूत तटातट तुटते आणि किंचित ओलावा मिळताच बळ धरते. 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी पुढे हवा दमट राखणारी यंत्रे बसविली, तीही याच कारणास्तव.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात विद्युत देखभालीचा अभियंता म्हणून मी रुजू झालो, तेव्हा सुताशी असलेला घराण्याचा संबंध संपला अशी माझी समजूत होती. परंतु तेथील एक जुनी मोटर उघडली, तो आत तांब्याच्या तारेवर सूत दुहेरी गुंडाळलेले! येथे मात्र त्याचा धर्म नेमका उलटा. ज्या ओलाव्याने मागावर त्यास बळ येई, तोच येथे शोषला गेला म्हणजे विजेला वाट मिळे. यास्तव वेटोळी वार्निशात बुडवून भट्टीत भाजावी लागत. श्रावणात सुट्ट्यांनंतर मोटर सुरू करण्यापूर्वी मी वेष्टणाचा विद्युतरोध मोजणारा मेगर लावी, त्याची मूठ फिरवी, आणि 500 व्होल्टांच्या त्या परीक्षेत काटा अनंताकडे न जाता एका मेगोह्मच्याही अलीकडे रेंगाळला, तर आत दिवे लावून मोटर वाळविण्याचा हुकूम देई. उत्पादन खात्याची घाई मला समजे, मान्य होत नसे. एका दिवसाच्या आकड्यावर माझा इतबारही नव्हता. वर्षानुवर्षांच्या नोंदवहीत तो कसा उतरत गेला, हेच मी पाही.

उष्णतेच्या बाबतीत मात्र माग आणि मोटर यांचे दुःख एकच. वार्निश पाजलेल्या सुताची मर्यादा 105 अंश, आणि त्यापुढे दर दहा अंशांगणिक त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. भोवतालची हवा 40 अंशांची गृहीत धरून बनविलेल्या मोटरीकडून नागपूरच्या 45 अंशांत पाटीवरची पूर्ण अश्वशक्ती वसूल करणे मला निव्वळ जुलूम वाटे.

पुढे इनॅमलची तार आली, पॉलिएस्टर आले, काचतंतू आले, मर्यादा 155 अंशांवर गेली, आणि सूत वेटोळ्यांची टोके बांधण्याच्या फितीपुरते उरले. तिचे मागणीपत्र गेले, की ही रक्कम वीजसाहित्याच्या सदरी घालावी की कापडाच्या, या पेचात भांडाराचे कारकून पडत, आणि अखेरीस ती ‘किरकोळ’ खाती लिहून मोकळे होत.