मोटिव्ह कच्चं आहे

2024 च्या दिवाळीत गंगाखेडला घरी गेलो तेव्हा आमच्या हॉलमध्ये तीन रात्री एकच वाद चालू होता. फराळाचा डबा मध्ये, टीव्हीवर 'मानवत मर्डर्स', आणि मी आणि माझा चुलतभाऊ दादा पॉज करकरून भांडतोय. मुद्दा एकच होता. मोटिव्ह पटत नाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आशिष बेंडेने दिग्दर्शित केलेली ही वेब सिरीज ऑक्टोबर 2024 मध्ये सोनी लिव्हवर आली. आशुतोष गोवारीकर त्यात रमाकांत कुलकर्णी झालाय. हे कुलकर्णी म्हणजे मुंबई क्राइम ब्रँचचे खरे अधिकारी. 1968 मध्ये रमन राघवच्या केसचा तपासही त्यांनीच केला होता. पुढे त्यांनी इंग्रजीत आठवणी लिहिल्या आणि सिरीज त्यावर बेतलेली आहे. सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर. आणि गोष्ट आमच्याच परभणी जिल्ह्यातली. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात मानवतमध्ये एकामागून एक खून होत गेले, बळी गेलेल्यांत बहुतेक लहान मुली आणि बाया.

मी डिटेक्टिव्ह सिनेमांवर वाढलेला माणूस. 'दृश्यम' किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही. 'दृश्यम'मध्ये विजय साळगावकर काय करतो हे चुकीचं असलं तरी का करतो हे आपल्याला पाचव्या मिनिटाला पटतं. बायको आहे, दोन पोरी आहेत, बास. समोरची मीरा देशमुखसुद्धा पटते, कारण तीही आई आहे. अशा सिनेमात शेवटी सगळे धागे जुळले की जो आनंद होतो, त्यासाठीच मी हा प्रकार बघतो.

इथे धागे जुळतात, पण जुळून येतं काय? गुप्तधन. मूल होत नाही म्हणून केलेली पूजा. पिंपळावरचा मुंजा. मी रिमोट ठेवून म्हटलं, "एवढ्यासाठी इतके खून? मोटिव्ह कच्चं आहे."

दादा म्हणाला, "अरे पण खरंच घडलंय ना ते."

"खरं घडलं म्हणून पटतंच असं नाही. ज्याला मूल पाहिजे त्याचं एक वेळ समजेल. पण ज्यांनी हातानं मारलं त्यांचं काय? दुसऱ्याच्या नवसासाठी कुणी एवढं करतं का? ते दाखवतच नाहीत."

दादा मेकॅनिकलचा इंजिनिअर, मी कॉम्प्युटरचा. दोघांनाही कारण आणि परिणाम सरळ रेषेत लागतात. पुण्यात माझ्या कामात मोठा बग सापडला की मूळ कारणाचा रिपोर्ट लिहावा लागतो. फॉर्ममध्ये त्यासाठी एका ओळीचा रकाना आहे. ती एक ओळ भरली की मॅनेजर खूश, क्लायंट खूश. मला सिरीजकडूनही तीच एक ओळ हवी होती, फक्त जरा भारी.

आजी इतका वेळ जपमाळ घेऊन बसली होती. ती टीव्हीकडे न बघता म्हणाली, "कामून बघायलात रे असलं सणासुदीचं?"

"आजी, तुला आठवतंय का हे?"

"न आठवायला काय झालं? दुष्काळाचं साल ते."

मग ती बोलत गेली. 1972 चा दुष्काळ. खडी फोडायचं काम, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो, जिची भाकरी थापता थापता तुटायची. त्यात मानवतची बातमी आली. बातमी पेपरातून नाही, बाजारातून आली, आणि प्रत्येक तोंडात वाढत आली. कुणी म्हणायचं पोरी पळवायलेत, कुणी म्हणायचं पुलाच्या पायात घालायलेत. आत्या तेव्हा आठ वर्षांची होती. "तिला मी खडीवर सोबत न्यायले. घरी कुणाच्या भरवशावर ठेवावं? शाळा तेवढी बुडाली."

"मग नंतर?"

"नंतर काय, बुडाली ती बुडालीच."

आत्या दुसरीपर्यंतच शिकलीय हे मला माहीत होतं. कारण कधी विचारलं नव्हतं. गरिबी असेल असं धरून चाललो होतो. गरिबी होतीच, पण एकटी नव्हती.

तरी मी माझा मुद्दा सोडला नाही. आता कबूल करतो, त्याचं एक कारण सिनेमाबाहेरचं होतं. पुण्यात परभणी सांगितलं की लोक 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणून हसतात. ते चालतं, आपणही हसतो. पण सिरीज आल्यावर ऑफिसात एकाने विचारलं, "तुमच्याकडे अजून चालतं का रे असलं?" जेवायच्या टेबलावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हापासून मला मनातून वाटत होतं की खुनी हुशार निघावा, मागे एखादा जमिनीचा व्यवहार असावा, राजकारण असावं. अंधश्रद्धा हे उत्तर मला कच्चं वाटत होतं, कारण ते उत्तर मला चिकटत होतं.

दादा म्हणाला, "बरोबर आहे तुझं. आजच्या प्रेक्षकाला नाही पटणार."

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "मला तर लगेच पटलं."

आम्ही दोघंही गप्प झालो. दादा-वहिनीच्या लग्नाला सहा वर्षं झालीत. मूल नाही. घरात हा विषय कुणी नाव घेऊन काढत नाही.

वहिनी चहाचे कप ठेवत म्हणाली, "पहिल्यांदा सांगतात गुरुवार करा. त्यात काय, करतो आपण. मग सांगतात अमावास्येला अमुक गावाला जा, तिथं एक जण बघतो. मग लिंबू. मग काळी कोंबडी. प्रत्येक वेळेस आधीच्यापेक्षा थोडंच जास्त असतं, भाऊजी. आणि नाही म्हटलं तर म्हणतात, हिलाच लेकरू नको असंल. मागच्या साली मला म्हणाले, दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावरचा कपडा चोरून आणा. मी नाही आणला. पण रात्रभर विचार केला, आणावा का."

ती फार साध्या आवाजात बोलली, भाजीचा भाव सांगावा तशी. ती बी.एस्सी. आहे. तिला तिथे नेणारी आमचीच माणसं, दादासकट. मला काहीच माहीत नव्हतं, आणि मी समोर बसून मोटिव्ह कच्चं असल्याचा निकाल देत होतो.

त्या रात्री झोप येईना म्हणून फोनवर खटल्याबद्दल वाचत बसलो. सुप्रीम कोर्टाचा 1977 चा निकाल आहे. खटला बराचसा माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर उभा होता, म्हणजे गुन्ह्यात सामील असलेल्या आणि कबुलीच्या बदल्यात माफी मिळालेल्या माणसांच्या. अशा माणसाच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा, यावर त्या निकालात बरीच चर्चा आहे. काहींची शिक्षा कायम राहिली. पण ज्यांना कटाचे सूत्रधार म्हटलं गेलं, ते दोघं वरच्या कोर्टात सुटले. म्हणजे ज्यांच्या मोटिव्हवर आम्ही तीन रात्री भांडलो, त्यांच्यावरचा आरोप शेवटपर्यंत टिकला नाही. पडद्यावर ते कारण ठाम आहे, कागदावर नाही.

याच प्रकरणावरून 1981 मध्ये अमोल पालेकरांनी 'आक्रीत' केला होता, दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला सिनेमा. लेखन विजय तेंडुलकरांचं. त्यात माणसांची नावं बदललेली आहेत. मी तो अजून पाहिलेला नाही. पण नावं बदलण्यामागे काय विचार असेल, ते त्या रात्री थोडं कळलं.

सिरीजबद्दलची माझी निराशा गेली असं नाही, फक्त तिचं कारण बदललं. अंधश्रद्धा हे मोटिव्ह कच्चं नाही. ते अर्धं दाखवलंय. आपण तपास बघतो, पोलीस कसा विचार करतो ते बघतो, शेवटी उत्तर हातात पडतं. पण गुरुवारच्या उपवासापासून तिथपर्यंतच्या पायऱ्या दिसत नाहीत. कुणी कुणाला काय सांगितलं, नाही म्हणायची सोय कुणाला होती, कुणाला नव्हती. ते दिसलं असतं तर "तुमच्याकडे अजून चालतं का" असं विचारणाऱ्याला आपल्या घरातली पहिली पायरी आठवली असती. महाराष्ट्रात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर. त्या कायद्याखाली वहिनीला तिथे पाठवणारा माणूस येतो की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्याच्या दारात चारचाकी उभी असते, हे तिने सांगितलं.

भाऊबीजेच्या रात्री दादा मला स्टेशनवर सोडायला आला. नांदेड–पनवेल अर्धा तास लेट होती. प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसून आम्ही आधी सिरीजवरच बोललो. मग मी विचारलं, "दादा, वहिनीच्या सगळ्या तपासण्या झाल्या म्हणे. तुझी झाली का?"

तो गाडी येते त्या बाजूला बघत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "माझी कशाला?"

मी काही बोललो नाही. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे, त्यानेच मला सायकल शिकवली. सिग्नल पडला, लोक बॅगा उचलायला लागले. डब्यात चढल्यावर खिडकीपाशी येऊन तो हळूच म्हणाला, "नांदेडला एक डॉक्टर आहे म्हणतात. डिसेंबरात बघतो. घरी कुणाला बोलू नको."

डिसेंबर होऊन गेला. तो गेला का, हे मी अजून विचारलेलं नाही. फोनवर आम्ही अजूनही सिनेमांवरच बोलतो.