दाराची कडी

बेगम बाजारात, भांड्यांच्या दुकानांमागे, आमचे बिऱ्हाड होते. चुलत्यांची अफू सुटावी म्हणून आम्ही त्यांच्याकडून बेलभंडार उचलविला आणि त्यांना आठ दिवस खोलीत कोंडले. त्यांच्या उलट्या, हगवण, अंगाचा ठणका यांस आम्ही प्रायश्चित्त समजलो. पुढे डॉक्टरांनी बजावले, ‘खंड पडला की शरीराची सहनशक्ती उतरते, मग जुनीच मात्रा श्वास थांबविते.’ त्यांनी जिभेखाली ठेवावयाची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांत ती २००५ पासून आहे. ‘हे तर दुसरे व्यसन!’ असे आम्ही पुटपुटलो. पण मधुमेह्याच्या नित्य औषधास कोणी व्यसन म्हणतो काय? चुलते पुन्हा दुकानावर बसू लागले. आजही देवापुढे हात जोडताना आम्हांस त्या दाराची कडी आठवते.