पायलटची झोप आणि आमची रात्रपाळी

गेल्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघालो, तर अंबरनाथपासून बायकांच्या डब्यात विमानांचीच चर्चा. आदल्या दिवशी, ५ डिसेंबर २०२५ ला, इंडिगोची हजारावर उड्डाणं रद्द झाली होती. उल्हासनगरला चढलेली एक ताई म्हणाली, "लाखांनी पगार घेतात, वर यांना आराम कशाला हवा?" मला ते लागलं. ह्यांची रात्रपाळी मी बारा वर्षं बघते आहे.

जानेवारी २०२४ मध्ये सरकारने नवा नियम केला. पायलटला आठवड्यातून सलग ३६ तासांऐवजी ४८ तास विश्रांती, आणि रात्री सहाऐवजी दोनच वेळा विमान उतरवायचं. कंपन्यांनी मुदत मागितली. शेवटी नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाला. एवढा वेळ मिळूनही इंडिगोकडे पायलट कमी पडले आणि वेळापत्रक कोसळलं. मग सूट कोणाला मिळाली? कंपनीला! रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही, ही अटही मागे घेतली. ही युक्ती आपल्या लोकांना नवी नाही. पोराच्या आजारपणात काढलेला दिवस ठेकेदार 'ऑफ' म्हणून मांडतो.

आराम कशाला, हे मंगळुरूला दिसलं. २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली. आखातात राबून घरी परतणारे त्यात कितीतरी होते. मुख्य पायलट वाटेत दीड तासाहून जास्त झोपला होता. त्याचं घोरणं यंत्रात टिपलं गेलं. शेजारचा पायलट सांगत होता, उतरू नका, विमान पुन्हा वर घ्या. झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं काही वेळ जड राहतं, निर्णय चुकतो, असं चौकशीत म्हटलं आहे. हे वाचून मला त्या पायलटचा राग आला नाही, भीती वाटली.

अमेरिकेला जाणाऱ्या लांबच्या विमानात जादा पायलट असतात. झोपायला बंक असतो, पाळीपाळीने झोपतात. आमचे हे सकाळी बदलापूर एमआयडीसीतून येतात आणि पत्र्याच्या खोलीत आडवे होतात. तेवढ्यात नळाला पाणी येतं, हंडे वाजतात, शेजारी कुकर शिट्ट्या देतो. चार तास डोळा लागला तर पुष्कळ. रात्री पुन्हा रिॲक्टरपुढे उभे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांनी आठ तासांचा दिवस लावून धरला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ ची रेघ तेवढी ठेवली.

त्या रेघेसाठीच मी आता वही घातली आहे. ह्यांची जायची-यायची वेळ रोज लिहिते. मागच्या आठवड्यात ७२ तास भरले. ती पानं युनियनच्या भाऊंना दाखवू म्हणते. हे म्हणतात, ठेकेदार उद्याच गेटबाहेर काढील. वही अजून डब्यामागेच आहे. लिहिणं मात्र मी थांबवलेलं नाही.