कोयासानचा मुक्काम

ओसाकाहून निघालेली गाडी डोंगराला भिडली की धापा टाकत चढते. गोकुराकुबाशीला उतरून पाच मिनिटं केबलकारमध्ये बसलं की आपण आठशे मीटर उंचीवरच्या पठारावर पोहोचतो. ८१६ साली कूकाई या भिक्षूला हा डोंगर साधनेसाठी मिळाला. आज गावात शंभरावर मठ आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक मठांत मुक्कामाची सोय होते. दर मात्र आपल्या धर्मशाळेच्या हिशेबात बसणारे नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

साडेपाचलाच जेवण येतं. मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. घरात चातुर्मास पाळलेल्यांना यात नवल वाटू नये. ताटात तिळाचं टोफू होतं. नाव टोफू, पण त्यात सोयाबीन नसतंच. तीळ वाटून, कुझूच्या कंदाच्या पिठात घोटून केलेली ही मऊशार वडी काड्यांत धरली तर निसटते आणि दाबली तर मोडते. जिभेवर ठेवली की आधी तीळ कळतो आणि मग वरचा झणझणीत वासाबी नाकात शिरतो.

जेवणानंतर ओकुनोइन. दोन किलोमीटरची वाट, दुतर्फा आभाळाला टेकलेले सीडर आणि शेवाळलेल्या दोन लाखांवर समाध्या. ज्या सरदार ओदा नोबुनागानं या डोंगरावर फौज धाडली, त्याचंही स्मारक इथे आहे आणि त्याच्यावर उलटलेल्या आकेची मित्सुहिदेचंही. वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेनं तर मेलेल्या वाळवीसाठी दगड उभारला आहे. मला तो सगळ्या सरदारांच्या स्मारकांपेक्षा जास्त आवडला.

वाटेच्या टोकाला कूकाई. ८३५ साली ते गेले, असं इथे कुणी म्हणत नाही. ते ध्यानात बसले आहेत. आळंदीला जाऊन आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण नैवेद्य कसा नेतात ते पाहण्यासारखं आहे. पहाटे सहाला आणि पुन्हा साडेदहाला भिक्षू लाकडी पेटीतून त्यांचं जेवण घेऊन निघतात. आधी चव पाहणाऱ्या जिझोपुढे पेटी थांबते, मग कूकाईंच्या समाधीआधीचा पूल ओलांडते. आपल्याकडे देवाआधी नैवेद्य चाखला तर आजी हातावर फटका देईल; इथे चाखायला वेगळा देवच नेमलाय!

एक गोष्ट मात्र खटकत राहते. १८७२ मध्ये सरकारनं बंदी उठवेपर्यंत या पवित्र परिसरात बायकांना प्रवेश नव्हता. वेशीबाहेरच्या नारीगृहात थांबायचं आणि डोंगराच्या कडेकडेनं फिरून दुरूनच हात जोडायचे. त्या घरांपैकी एक अजून उभं आहे. तिथेही जरूर डोकवा.

ओसाकाहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे पुष्कळ. तुम्ही तसं करू नका. एक रात्र राहा, गरम कपडे न्या आणि पहाटे सहाच्या आत पुलापाशी पोहोचा. पुलापलीकडे फोटो काढायला मनाई आहे.